गुणाजी गवसांचं माकड

“हात लावू नका!” मी कुंपणापासूनच ओरडलो.

“हात खंय लावतंय? हार घालतंय,” गुणाजी गवस म्हणाले आणि त्यांनी माकडाच्या गळ्यात अबोलीचा हार घातला.

माकड काजूच्या झाडाखाली उताणं पडलं होतं. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं, चांगलं थोराड वानर. कपाळाला गुलाल लागला होता. उशाशी करवंटीत उदबत्ती होती. आदल्या दुपारी याच बागेत, याच माकडाला, “तुझ्या आवशीक खाव” असं म्हणत गवसांनी नारळाएवढा धोंडा मारला होता. मी स्वतः पाहिलं होतं. धोंडा लागला नव्हता, पण त्यात गवसांचा दोष नव्हता. त्यांना मोतीबिंदू होता.

“काका, काल तुम्ही याला धोंडे मारत होतात.”

“काल ता माकड होता,” गवस शांतपणे म्हणाले. “आज मारुती आसा.”

ही नऊ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. होतो, आणि तळकोकणातल्या खडपवाडी नावाच्या गावात जंगलातून पांढरी चादर ओढत फिरत होतो. यात अलंकार काही नाही. आरोग्य खात्यात माझं कंत्राटी पद होतं आणि कामच ते होतं. काठीला पांढरं फ्लॅनेल बांधायचं, ते पाचोळ्यावरून ओढत न्यायचं, त्याला चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने उचलून बाटलीत भरायच्या आणि बाटली प्रयोगशाळेला पाठवायची. गाव मला ‘चादरवाले’ म्हणायचं. सांगलीला माझी आई शेजारणींना ‘संशोधन करतो’ असं सांगायची.

गोचिडींचं कारण माकडताप. रोगी गोचीड माकडाला चावते, माकड मरतं, गार पडलेल्या अंगावरून गोचिडी उतरतात आणि जवळपासचं गरम अंग शोधतात. म्हणजे त्या वेळी जो कोणी हार घालत असेल त्याचं. मग ताप, डोकं फुटेल असं दुखणं, हिरड्यांतून रक्त. औषध नाही. लस होती, पण ती इतकी दुखायची की गवसांनी पहिला डोस घेऊन दुसऱ्या वेळी घराला कुलूप लावलं होतं. गोचिडी चिकटू नयेत म्हणून अंगाला लावायचं तेल आम्ही घरोघरी वाटलं होतं. त्या वर्षी खडपवाडीतल्या एकाही दाराची बिजागरी कुरकुरली नाही.

प्रशिक्षणात आम्हाला एक तक्ता दिला होता. वरती ‘हवामान बदल’, खालती आडवा पडलेला माणूस आणि मधे सात बाण. मी ज्यांच्या पडवीत भाड्याने राहायचो त्या गवसांना मी तो तक्ता एकदा उत्साहाने दाखवला. त्यांनी तो उलटा धरून पाहिला. दोनशे काजूंच्या बागेत राहणाऱ्या माणसाला त्यात नवीन काही नव्हतं. पाऊस दिवाळी उलटली तरी गेला नव्हता. जानेवारीत पुन्हा आला आणि मोहोर काळा करून गेला. लगेच फेब्रुवारीत असं ऊन पडलं की व्हाळाचं पाणी आटलं. रानातली फळं धरलीच नाहीत, म्हणून माकडं बागेत उतरली. रानात पाणी नाही, म्हणून गुरंही बागेतच चरायला लागली आणि अंगावर गोचिडी घेऊन गोठ्यात येऊ लागली.

“आदी पाऊस पिसाळलो,” तक्ता परत देत गवस म्हणाले होते, “मगे रान पिसाळला, मगे माकडां. आता आपलो नंबर. ह्येका सात बाण कशाक व्हये?”

तर, त्या मेलेल्या माकडाकडे परत येऊ. गवस मारुतीच्या देवळाचे व्यवस्थापकही होते, त्यामुळे तासाभरात भजनी मंडळ पेटी-टाळ घेऊन बागेत हजर झालं. तिरडी बांधून झाली. माकडाला खांदा द्यायला चार जण पुढे आले, आणि पाचवा आपल्याला का घेतलं नाही म्हणून रुसला.

मी बाजूला जाऊन फोन लावायला लागलो. फोन कोणाला लावायचा हा मोठाच प्रश्न असतो. जिवंत माकड वनखात्याचं. त्याच्या अंगावरची गोचीड आरोग्य खात्याची. तीच गोचीड गाईवर चढली की पशुसंवर्धनची. मेलेलं माकड कोणाचं यावर दोन वर्षं पत्रव्यवहार चालू होता. मी आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टर तेंडोलकर बाईंना लावला.

“कोणी शिवलंय का?” त्यांनी विचारलं.

“हार घातलाय.”

“देवा! पाटणकर, ते तिरडीवर चढता कामा नये. चार खांदे म्हणजे मला चार पेशंट.”

“पण लोक ऐकत नाहीयेत, मॅडम. यांच्या दृष्टीने घरात मयत झालंय.”

“तुम्ही एम.एस्सी. आहात ना? सांगा काहीतरी,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी परत आलो. चौघं खाली वाकत होते.

“थांबा!” मी म्हणालो. “सरकारचा नवीन आदेश आलाय. आपल्या भागात वानर वारलं तर त्याचे अंत्यसंस्कार शासकीय इतमामात करायचे.”

टाळ थांबले. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मीही स्वतःकडे जरा आश्चर्यानेच पाहत होतो.

“सरकारी मान?” गवसांनी विचारलं. “वानराक?”

“हो.”

“बंदुकी झाडतले?” पेटीवाल्या बाबली नाईकने विचारलं.

“बंदुका मंत्र्यांना,” मी म्हणालो. “वानराला पावडर.”

पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं राहिलं. मी खोलीवर जाऊन पांढरा संरक्षक पोशाख घातला. टोपी, गॉगल, मास्क, गुडघ्यापर्यंत बूट. अडतीस अंश तापमानात त्या पोशाखात माणूस आतून वाफवला जातो. पण बाहेरून तो फार अधिकृत दिसतो. माकडाभोवती पन्नास फुटांवर मी कीटकनाशक पावडरीचं रिंगण आखलं आणि ‘शिष्टाचारानुसार’ सगळ्यांना रिंगणाबाहेर उभं केलं. दुपारी तीनला वनरक्षक आणि गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी नमुने घेतले, एकमेकांच्या कागदांवर सह्या केल्या. रिंगणाबाहेर भजन चालू होतं. चिता पेटली तेव्हा माझा हात आपोआप कपाळाशी गेला आणि मी सॅल्यूट केला. हे ठरलेलं नव्हतं. गोंधळून वनरक्षकानेही केला.

गवस रडले. चाळीस वर्षं धोंडे मारल्याचं सगळं त्या दुपारी फिटलं असावं.

डॉक्टर तेंडोलकर खूश झाल्या. जिल्ह्याच्या बैठकीत ‘लोकसहभागातून वानरशवाची सुरक्षित विल्हेवाट’ या विषयावर मला दहा मिनिटं बोलायला लावलं. शासकीय इतमामाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. लोकसहभाग म्हणालो की कोणी पुढचं विचारत नाही.

दोन आठवड्यांनी अहवाल आला. निगेटिव्ह. माकड विजेच्या तारेला चिकटून मेलं होतं.

त्या संध्याकाळी मी पडवीत तोंड पाडून बसलो होतो. गवस समोर अडकित्त्याने काजू फोडत होते.

“काय झाला? घराकडसून फोन इलो?”

“नाही हो. ते माकड निगेटिव्ह निघालं.”

“म्हणजे ताप नाय होतो? बरा झाला मां?”

“गावाचं बरं झालं. माझं एकतीस मार्चला कंत्राट संपतंय. यंदा साथ नाही असं दिसलं तर वरचे म्हणणार, मग चादरवाला कशाला?”

बोलणं आणखी थोडं लांबलं. मग काकींनी जेवायला हाक मारली आणि मी ते विसरून गेलो.

चौथ्या दिवशी भर दुपारी मी घरापुढच्या खळ्यात चादर धुऊन वाळत घालत होतो. डोंगराकडच्या पायवाटेने गवस येताना दिसले. घामाने निथळत होते. खांद्यावर, झोपलेलं मूल घ्यावं तसं, नव्या पंचात गुंडाळलेलं काहीतरी होतं. पंचाबाहेर एक लांब शेपटी लोंबत होती.

माझ्या हातातली चादर खाली पडली.

“काका! ते खाली ठेवा! आधी खाली ठेवा!”

“ठेवतंय, ठेवतंय. वरच्या रानात गावला. सकाळपासून चार माकडां बघलंय, तीन सडलेली. ह्यां ताजा आसा.”

“तुम्ही ते अंगावर घेऊन आलात? तीन मैल?”

“मगे काय ओढीत आणू?” गवस दुखावल्यासारखे म्हणाले. “मारुती आसा तो. खालच्या माकडाक सरकारी मान, आणि ह्येका थंय कोण होता?”

माझा आदेश. माझा सॅल्यूट. लोकांनी माकडाला हात लावू नये म्हणून मी एक थाप मारली होती, आणि त्या थापेवर विश्वास ठेवून हा सदुसष्ट वर्षांचा माणूस रानात मेलेलं माकड शोधत फिरला होता.

पुढचा तासभर मी आयुष्यातलं सर्वांत मन लावून काम केलं. माकडाभोवती पावडर टाकली. गवसांना कपडे काढून खळ्यातच पांढऱ्या चादरीवर बसवलं. लंगोटीतले गवस आणि हातात चिमटा घेतलेला मी. काकी चुलीवर पाणी तापवत होत्या आणि तोंड चालू होतं.

“ह्या वयात माकडां आणूक जातत. बाजारातसून मीठ आणूक सांगला तर पाय दुखतत.”

“गप बस गो. साहेबांनू, किती झाली?”

“अकरा. हात वर करा.”

“बाटलीत घातलास मां? एक फुकट घालवू नको.”

“काका, हे गंभीर आहे. यातली एक जरी आजारी असली तर…”

“तर?”

“तर तुम्ही मराल,” मी म्हणालो.

“मगे बरोबर मोजा,” गवस म्हणाले.

सतरा निघाल्या. काखेतल्या तीन चावून फुगलेल्या होत्या.

डॉक्टर तेंडोलकरांना मी फोनवर सगळं सांगितलं. शासकीय इतमामही सांगितला. त्या म्हणाल्या, “आठ दिवस रोज ताप मोजा. रडणं नंतर.”

पहिले चार दिवस अठ्ठ्याण्णव. गवस रोज सकाळी थर्मामीटर तोंडात धरून माझ्याकडे असे पाहायचे, जसं काही मीच निकाल लावणार आहे. पाचव्या दिवशी एकशे तीन.

आम्ही त्यांना राज्याच्या सीमेपलीकडच्या मोठ्या इस्पितळात नेलं, कारण तेच जवळ होतं. दोन दिवसांत हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. डोळे लाल झाले. सलाईन लावायची, ताप उतरवायचा आणि वाट पाहायची, एवढाच उपचार होता. काकी स्टुलावर बसून असायच्या. माझ्याशी बोलत नव्हत्या. त्यांचं बरोबर होतं.

तिसऱ्या दिवशी मी एकटा खाटेपाशी होतो. गवसांनी डोळे उघडले आणि मला खुणेने जवळ बोलावलं. ओठ सुकून फाटले होते.

“माकड…” ते म्हणाले.

“त्याला सरकारी मान दिला, काका,” मी म्हणालो. “सगळं केलं.” हीसुद्धा थापच होती. गुरांचे डॉक्टर आणि मी ते दोघांत जाळलं होतं.

त्यांनी वैतागून मान हलवली. “मान गेलो चुलीत. ह्यां तरी पॉझिटिव्ह आसा मां?”

मला कळेना. “का?”

“का काय? तुमचा कंत्राट.” त्यांनी दम घेतला. “आणि मी पण आसंय. माणूस आसलो तर उत्तम, असा तुमीच सांगलास.”

मी सांगितलं होतं. त्या संध्याकाळी, पडवीत. गवसांनी विचारलं होतं, “म्हणजे सरकाराक पॉझिटिव्ह माकड व्हया?” मी हो म्हणालो होतो. “आणि माणूस?” त्यांनी विचारलं होतं. “माणूस असला तर उत्तमच,” असं म्हणून मी हसलो होतो. विनोद केला होता. त्यांनीही हसून अडकित्ता दाबला होता.

“आणि तो सरकारी मान?” मी विचारलं. “त्यासाठी नाही आणलंत?”

“साहेबांनू,” गवस डोळे मिटून म्हणाले, “सरकारान माणसाक कधी मान दिल्यान नाय. माकडाक देयत? मी काय येडो आसंय?”

माकड पॉझिटिव्ह आलं. गवसही आले. मधे एकदा ताप उतरला, आणि आम्ही सुटलो असं वाटलं तेव्हा दुसऱ्यांदा चढला. हा आजार असाच आहे. त्या फेरीत त्यांना पंख्यावर माकडं बसलेली दिसायला लागली आणि ते वॉर्डबॉयकडे धोंडा मागू लागले. दोन रात्री काकींनी त्यांचे हात धरून ठेवले. तिसऱ्या सकाळी त्यांनी काकींना ओळखलं आणि चहा पातळ आहे म्हणून सांगितलं.

मार्चच्या अठ्ठाविसाव्या तारखेला त्यांना घरी आणलं, आणि एकोणतिसाव्याला मला पत्र मिळालं. ‘सदर क्षेत्रात एक बाधित वानर व एक बाधित मानवी रुग्ण आढळल्याने’ माझ्या पदाला अकरा महिन्यांची मुदतवाढ मिळाली होती. गवसांचं नाव नव्हतं. ‘एक’ एवढंच होतं.

पत्र खिशात घालून मी घरी आलो. गवस पडवीत आरामखुर्चीत होते. अंगावर नुसती हाडं आणि त्यांवर गोधडी. तब्येत विचारायला आलेले भजनी मंडळातले पाच-सहा जण भोवती बसले होते. मला पाहताच गवस ताठ झाले.

“काय झाला? इला काय पत्र?”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माझ्या लक्षात आलं, ही गोष्ट आता फक्त आमच्या दोघांत राहिली नव्हती.

“साहेबांनू,” बाबली नाईक जरा पुढे सरकून हळूच म्हणाला, “तुमचा झाला आसात तर आमका पण सांगा. आमच्या सुनेन नर्साचो अर्ज भरलो आसा. वरच्या रानात अजून दोन पडली आसत. ताजीच आसत.”

“आमचो झील पण फवारणीवर लागतलो,” दुसरा आपल्या मुलाबद्दल म्हणाला. “एक माकड पुरता काय दोन व्हयी?”

ते चेष्टा करत नव्हते. बाबली तर नवीन पंचाही घेऊन आला होता.

मी गवसांकडे पाहिलं. ते उत्तराची वाट पाहत होते. हो म्हणालो असतो तर त्या माणसाने जे भोगलं होतं त्याला काहीतरी अर्थ आला असता. त्याला तेवढं मिळायला हवं होतं. तेवढंच देण्यासारखं माझ्याकडे होतं, आणि ते माझ्या खिशात घडी घालून ठेवलेलं होतं. पण हो म्हणालो असतो तर संध्याकाळपर्यंत वरच्या रानातली दोन्ही माकडं खांद्यावरून खाली आली असती.

“नाही झालं, काका,” मी म्हणालो. “पद रद्द केलं.”

“रद्द? माकड पॉझिटिव्ह आसान सुद्धा?”

“हो.”

“मी पॉझिटिव्ह आसान?”

“हो.”

गवस माझ्याकडे बघत राहिले. मी आयुष्यात बऱ्याच लोकांना वाईट बातम्या दिल्यात, पण कोणाचा चेहरा असा माझ्यासमोर विझताना पाहिला नाही. मग त्यांनी गोधडी बाजूला केली आणि काठी जमिनीवर आपटली.

“ऐकलास सगळ्यांनी?” ते भजनी मंडळाकडे वळून ओरडले. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज मोठा निघाला होता. “माकडाक हात लावा नको! मरान पडला तर पडांदे, ह्यांका फोन करा नि दूर रवा. तुमी रक्त ओकलास तरी ह्यां सरकार कोणाक नोकरी देवचा नाय! काय उपयोग नाय मेल्यांनू, काय एक उपयोग नाय!”

बाबलीने पंचाची घडी घातली.

गवसांनी मला जवळ बोलावून माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “तुमी वायट वाटून घेव नको.”

आता हे खोटं निभावायचं तर मला एक एप्रिलला चादर घेऊन त्या गावात दिसून चालणार नव्हतं. म्हणून मी तीस तारखेला मुदतवाढ नको असल्याचं लिहून दिलं. खोटं बोलल्यापायी सरकारी खात्यातून बाहेर पडलेला मी बहुधा पहिलाच; एरवी त्यापायी बढती मिळते. आईने शेजारणींना सांगितलं, संशोधन पूर्ण झालं.

पुढच्या वर्षी मार्चात डॉक्टर तेंडोलकरांचा फोन आला.

“पाटणकर, तालुकाभर केसेस आहेत. रानात माकडं पडतायत. पण खडपवाडीत एकही नाही. लोक लांब उभे राहून फोन करतात. जिल्ह्याने अहवाल मागवलाय, जनजागृतीची कोणती पद्धत वापरली म्हणून. तिथे तुम्ही होतात. काय लिहू?”

“गवसकाका कसे आहेत?”

“धोंडे मारतायत. लिहू काय?”

मी म्हणालो, “लिहा, एक माणूस मरता मरता वाचवायचा, आणि तो घरी आला की सगळ्यांसमोर त्याला सांगायचं, की उपयोग झाला नाही.”



“‘पोस्टर’ असं लिहिते,” त्या म्हणाल्या.